बुरुजावरची खिचडी

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. मुदतीचा ताप उतरून बारा दिवस झाले तरी आईच्या पोटात पेजेपलीकडे काही जात नव्हते. डॉक्टरांनी हवापालट सांगितली. तरीही खाल्ले नाही तर अकोल्याच्या दवाखान्यात ठेवावे लागेल, असेही बजावले. म्हणून भावाने रिठद गावाच्या पुढच्या जुन्या गढीत खोली घेतली आणि आईबरोबर मला पाठवले. गढीच्या मालकाने तिचे मोठ्या लोकांसाठी हॉटेल केले होते.

"हॉटेलात राह्यचं?" आई म्हणाली. "तिथं तर लोक चहा पेतात."

इथे स्प्रिंगचे पलंग होते, वाळ्याचे पडदे होते. न्हाणीघरातला चिनी मातीचा टब पाहून आई, लुगडी भिजवायला बरा आहे, एवढेच म्हणाली. जेवण रात्री आठला, मेणबत्त्या लावून. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर घास घेत नाही. तेव्हा मी स्टोव्ह, पातेली आणि पाणी गाळायचे फडके घेऊन मागच्या ओवरीत बस्तान मांडले. मॅनेजरने नाक मुरडले. मी तिकडे पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आई आपणहून म्हणाली, "मुगाची खिचडी कर. पातळ नको."

मी हातातले काम टाकून डाळ धुतली. खिचडीवर तूप सोडून ताट आणले, तर चौकात सावली भरून आली होती. आईने ताट सरकवले.

"दिवस बुडाला."

"अगं, दिवाणखान्यातल्या घड्याळात आत्ता कुठे साडेपाच झालेत."

"घड्याळाचे कान कोनी बी पिळते."

चौकाकडे पाहून मलाही तिचेच खरे वाटले. उद्या तिला पुन्हा भूक लागेल याची काय खात्री? ताट धरून मी तशीच उभी राहिले.

देवडीवरचा म्हातारा पहारेकरी तिथून चालला होता. थांबला.

"माय काहून जेवून नाही राह्यल्या?"

मी सांगितले. तो हसायलाच लागला.

"दिवस कुठचा बुडते! भिंतीमागं गेला. गढी हाय ही, घर नाही. चाला बुरजावर, दाखवतो."

"मले नाही चढवत," आई म्हणाली.

"मंग खुर्ची कायले हाय?"

जेवणघरातली मखमली खुर्ची आली. एका बाजूने तो, दुसरीकडून माळी, मागे मी ताट घेऊन. "हळू रे, सांडसान मले!" आई दर पायरीला ओरडत होती. खाली मॅनेजर "खुर्ची, खुर्ची" करत होता.

वर केनवड गावाच्या बाजूला वावरांवर लख्ख ऊन होते. चांगला कासराभर दिवस शिल्लक होता. आईने कपाळाशी हात धरून सूर्य नीट पाहून घेतला आणि ताट मांडीवर ओढले.

चार घास झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी मिठासाठी खाली धावले. परत आले तर ताट निम्मे झाले होते. म्हातारा बुरुजाच्या कडेला तिच्याकडे पाठ करून, सूर्यावर नजर ठेवून उभा होता.

"सावकाश जेवा, माय," तो म्हणत होता. "बुडू लागला का मी सांगतो तुमाले."