खांद शेकलेली शेवरलेट

एकोणीसशे पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात धनीरामने जनावरांच्या कोठ्याचं दार उघडलं, तणसाच्या पेंढ्या एकेक करून अंगणात फेकल्या आणि आत अडकलेली मोटार मोकळी केली. त्याची बायको बेबीबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"अजी, मले वाटलं गाय बांधाले जागा करून राहिले."

"गाय मंग बांधू."

"मंग म्हणजे कधी?"

"हे गाडी चालू झाल्यावर."

"मंग गायीले सांगून ठेवते, बाई, तुहा नंबर पुढच्या जन्मी."

धनीराम हसला नाही. तो मोहाडीच्या एका राइस मिलमध्ये फिटर होता. बंद पडलेलं यंत्र दिसलं की ते का बंद पडलं हे शोधल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. पण या मोटारीची गोष्ट वेगळी होती.

ती एकोणचाळीस सालची काळी शेवरलेट. गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, भय्याजी यांनी ती नागपूरहून आणली आणि धनीरामचे वडील यादोराव तिचे ड्रायव्हर झाले. वरठीच्या स्टेशनावरून पाहुणे आणायचे, मालकीणबाईंना भंडाऱ्याला न्यायचं, कुणाची बाळंतीण अडली तर अर्ध्या ताटावरून उठायचं, असं त्यांनी एकोणीस वर्षं केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाच्या गॅसचा ड्रम बसवून त्यांनी ती चालवली. परत येईपर्यंत त्यांच्या मिशा राखेने पांढऱ्या झालेल्या असत. मालगुजारी गेली, पुढे अठ्ठावन्न साली इंजिनही गेलं, आणि भय्याजी नागपूरला राहायला निघाले. निघताना म्हणाले, "यादोराव, हे तूच ठेव. दुसऱ्याच्या हाती हे शोभनार नाही." यादोरावांनी चार माणसं आणि शेजाऱ्याचे बैल लावून ती आपल्या रिकाम्या कोठ्यात आणली. मोटार त्यांची झाली, पण त्यांच्या हातून ती पुन्हा चालली नाही. त्र्याहत्तर साली ते गेले.

कोठा रिकामा होता, कारण यादोरावांना शेती नव्हती आणि बैलही नव्हते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात घरोघरी बैलांची खांद शेकतात. गरम पाण्याने खांदे शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि बैलाला सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." यादोराव त्या संध्याकाळी हळद-तुपाची वाटी घेऊन शेवरलेटसमोर उभे राहत. बॉनेटच्या पुढच्या टोकाला, जिथे त्यांच्या मते तिचा खांदा होता, तिथे तळहाताने चोळत आणि तेच शब्द म्हणत. गाव हसायचं. "यादोरावचा बैल पेट्रोल पेतो," असं लोक म्हणत. दुसऱ्या दिवशी ते मोटारीला हात लावत नसत. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, तशी तीही जुंपायची नाही. त्या दिवशी भय्याजींना कुठे जायचं झालं तर पायी जावं लागे, कारण बैलही सुटीवर आणि मोटारही. मोटार कोठ्यात आल्यावरही यादोरावांचा नेम चुकला नाही. चौतीस पोळे चोळून चोळून बॉनेटवर तळहाताएवढा पिवळट डाग पडला होता. तो धुऊन जात नसे.

या मोटारीत एक माणूस कधीच बसलं नव्हतं. ते म्हणजे यादोरावांची बायको, धुरपताबाई.

धनीराम दहा-अकरा वर्षांचा असताना मायसोबत मोहाडीच्या बाजाराहून परत येत होता. चैत्राचं ऊन होतं. धुरपताबाईच्या डोक्यावर गाठोडं होतं आणि पायात काही नव्हतं. मागून मोटारीचा आवाज आला. दोघं रस्त्याच्या कडेला सरकली. शेवरलेट शेजारून गेली. मागे मालकीणबाई बसल्या होत्या, पुढची यादोरावांच्या शेजारची जागा रिकामी होती. यादोरावांनी हॉर्न दिला नाही, मान वळवली नाही. त्यांची नजर समोर होती. मग धुळीचा लोट आला. धुरपताबाईने पदराने आधी पोराचं तोंड झाकलं, मग आपलं. बरंच चालून झाल्यावर ती म्हणाली, "आत बसल्यावर धूळ मागं राह्यत असन, नाही?"

एवढंच. पुढे तिने हा विषय काढला नाही, यादोरावांनीही नाही. पण धनीराम ती रिकामी जागा विसरला नाही. मायला एकदा त्या जागेवर बसवायचं, यापलीकडे त्याला मोटारीचं काही करायचं नव्हतं.

काम सात वर्षं चाललं. पिस्टन गंजून जाम झाले होते. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि इंजिन ऑइल ओतून पावसाळाभर वाट पाहिली, तेव्हा कुठे क्रँक हलला. सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या. लढाईच्या काळातल्या शेवरलेट ट्रकांना बरंचसं असंच इंजिन असतं, हे त्याला नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून कळलं. मग जंगलातून लाकूड वाहणारा एक बाद ट्रक त्याने शोधून काढला आणि त्याचे व्हॉल्व, पंप, डायनमो उतरवून आणले. टायर जीपचे बसले. हेड गॅस्केट त्याने तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. सीटला मोहाडीच्या कोष्ट्याकडून जाड सुती कापड विणून घेतलं. धुरपताबाई ओसरीत तांदूळ निवडत हे सगळं पाहायची. गुडघे धरले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. कधी विचारायची, "कुठवर आलं रे?"

"आता रंगच राह्यला, माय."

रंगाआधी पत्रा घासायचा होता. धनीरामने पॉलिश पेपर घेतला आणि रविवारचा दिवस बसून एकेक पत्रा आरशासारखा केला. बॉनेटही केलं.

ब्याऐंशीच्या दसऱ्याला मोटार अंगणात उभी राहिली. हँडलच्या दुसऱ्या फेऱ्यातच इंजिन सुरू झालं. गाव गोळा झालं. बेबीबाईने ओवाळलं आणि हळूच म्हणाली, "आता गाय?" लोक हसले. धनीरामने पुढचं दार उघडून मायला हाक मारली.

धुरपताबाई काठी टेकत आली. दाराकडे न जाता ती मोटारीच्या पुढे गेली. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं म्हणून तिने हात पुढे केला आणि बॉनेटच्या टोकावर फिरवला. पुन्हा फिरवला. गुळगुळीत रंगावरून हात घसरत राहिला.

"डाग कुठं हाय?"

धनीरामने दारावरचा हात काढला. "रंगासाठी घासा लागते, माय."

"अस्सं," ती म्हणाली. "चांगली केली रे तू. पण हे तुही गाडी हाय. त्यायची नाही." आणि ती ओसरीत जाऊन बसली. चिडली नव्हती, रडलीही नाही. धनीरामने नंतर चार वेळा विनवलं. दर वेळी ती म्हणे, "गुडघे दुखतात, बाप्पा."

त्या वर्षभरात धनीरामने मोटार फारशी काढली नाही. इंजिन बसू नये म्हणून आठवड्यातून एकदा सुरू करायचा आणि बंद करायचा.

मग त्र्याऐंशीचा पोळा आला. आदल्या संध्याकाळी शेजारच्या कोठ्यातून घंटांचा आवाज येत होता, पाणी तापल्याचा धूर दिसत होता. धनीराम मिलमधून आला, हातपाय धुतले आणि बेबीबाईला म्हणाला, "वाटीत हळद-तूप दे."

"कायले?"

"खांद शेकाची हाय."

बेबीबाईला या वेळी थट्टा सुचली नाही. तिने वाटी आणून दिली. धनीरामने गरम पाण्यात कापड बुडवून बॉनेट शेकलं. मग तळहातावर हळद-तूप घेऊन नव्या काळ्या रंगावर चोळत राहिला. चोळता चोळता त्याने वडिलांचेच शब्द म्हटले. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

ओसरीत धुरपताबाईच्या हातातलं तांदळाचं सूप हलायचं थांबलं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी गावचे बैल तोरणाखाली गेले असताना ती धुतलेलं लुगडं नेसून कोठ्यात आली. हातात पुरणपोळीचं ताट होतं. ते तिने बॉनेटवर ठेवलं, हळदीवरून हात फिरवला, बोट नाकाशी नेलं. मग दारापाशी जाऊन उभी राहिली. दार कसं उघडतात हे तिला माहीत नव्हतं. धनीरामने उघडलं, दंडाला धरून तिला चढवलं आणि फिरून आपल्या जागेवर येऊन बसला. त्याचा पाय स्टार्टरच्या पेडलकडे गेला.

"काय करतं? आज पोळा हाय."

त्याने पाय मागे घेतला. दोघं तशीच बसून राहिली. समोर कोठ्याचं उघडं दार, पलीकडे पावसाने भिजलेला रस्ता. शेजारची एक बाई डोक्यावर घागर घेऊन कडेकडेने जात होती. धुरपताबाई डोळा बारीक करून तिच्याकडे पाहत होती.

"धनीराम."

"हो, माय."

"तू त्यायच्या जागेवर हायस. तेथून रस्त्याच्या कडचं माणूस दिसते का रे?"

धनीरामने मान वळवली नाही. नजर समोर ठेवून, त्याला आठवत होती तशीच, तो पाहत राहिला. काचेच्या डाव्या कोपऱ्यातून घागर पुढे सरकत गेली, पदर, उघडे पाय.

"दिसते, माय. मान न वळवता दिसते."

 सीटच्या सुती कापडावरून तिचा हात फिरत होता.

"मंग पाह्यलं असन त्यायनं," ती म्हणाली.