मंगाईचा वार आणि एकतीस कॉम्प्युटर

येळ्ळूरच्या जोतिराम हुंदऱ्याला बेळगावच्या वडगावात लोक तोंडावर कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणायचे आणि पाठीमागं गुरांचा. इलाजाची पद्धतच तशी. आधी पाठीवर थाप मारायची, मग कान लावून ऐकायचं, मग तोंड उघडून आत बघायचं. शाळेत तो बारावीपुढं गेला नाही. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर ते एका सायकलपंपावर झालं.

झालं असं, की सतरा वर्षांमागं तो मारुतीरावांच्या कारखान्यात मागाची मोटार दुरुस्त करायला आलता. मारुतीरावांचा साड्यांचा धंदा. वडगावात खाली पॉवरलूम, वर हापीस. त्या दिवशी वरचा बिलाचा कॉम्प्युटर बंद पडलेला आणि शहरातला माणूस दोन दिवस येत नाही म्हणाला. जोतिरामनं हात पुसले, डबा उघडला, आतनं मूठभर सुताचा भुसका काढला, पंपानं हवा मारली. मशीन सुरू.

"मालक, ह्याच्या पोटात लुगडं विणत बसलंतं," एवढंच बोलला आणि परत मोटारीकडं गेला.

त्या एका वाक्यावर त्याला नोकरी लागली. पुढं धंदा वाढला, खडेबाजारात दुकान झालं, निपाणीत एक झालं, आणि एकाचे एकतीस कॉम्प्युटर झाले. जोतिराम गळ्यात पेन ड्राईव्ह अडकवून, मोटारसायकलला किक मारून तिन्ही ठिकाणी फिरायचा. काही नवीन बसवायचं म्हटलं की आठ दिवस. निपाणीचं शेवटचं मशीन उरकून यावं, तोवर वडगावातलं पहिलं लोकांनी बिघडवून ठेवलेलं असायचं.

बिघडवण्यात तर एकेकाचा हातखंडा. बिलाला बसणाऱ्या सौम्यानं ब्राउझरमध्ये एवढी पानं उघडून ठेवलेली असायची, की वर नावं दिसायची नाहीत, नुसती टोकं दिसायची. "हे बदला" म्हणून मशीननं विचारलं की ती "नंतर" दाबायची. गेली चार वर्षं ती "नंतर"च दाबत होती. निपाणीच्या दुकानात एका मशीनवर तर साडीचं पान उघडायला गेलं की आधी रमीचे पत्ते वाटले जायचे. मॅनेजर म्हणायचा, "आमी काय केलं न्हाय, त्ये आपसूक आलंय." आपसूक आलेलं, पण डाव मात्र अर्ध्यावर आलेला असायचा.

असं सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं आणि आदर्श आला. आदर्श म्हणजे मारुतीरावांचा जावई. पुण्यात वाढलेला, पुण्यात शिकलेला, आणि तीन वर्षांमागं बायकोमागनं वडगावात येऊन सासऱ्याच्या धंद्यात बसलेला. कन्नड अक्षर त्याला ओळखू यायचं नाही, पण सगळ्यांची लायकी ओळखू यायची असं त्याला वाटायचं.

आषाढात एक भानगड झाली. मोठ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी ज्या पानावर यायच्या, ते पान बदललं. पुढच्या बुधवारपासनं जुन्या ब्राउझरमध्ये ते उघडणारच नाही असं पत्र आलं. श्रावणाच्या साड्यांचा हंगाम तोंडावर. आदर्शला आयतंच सापडलं.

"मामा, पुण्याची एक कंपनी आहे. सगळं त्यांच्याकडे देऊ. पेन ड्राईव्ह घेऊन हिंडणारा माणूस आता कुठं असतो का?"

मारुतीरावांनी जोतिरामला बोलावलं. बाजूला आदर्श पायावर पाय टाकून.

"जोतिराम, बुधवारी धा वाजता एकतीसच्या एकतीस मशिनी नव्या ब्राउझरवर उघडल्या पायजेत. एक जरी आडली, तर काम पुण्याला. मग माझ्याकडं बघायचं न्हाय."

"मालक, सतरा वर्सं..."

"म्हणून तर एक डाव देतोय."

घरी येऊन जोतिरामनं दोन कामं केली. पहिलं, त्यानं त्याच पुण्याच्या कंपनीच्या पानावर जाऊन नोकरीचा अर्ज टाकला. ह्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. एक दार बंद व्हायला लागलं की माणूस दुसऱ्या दाराची कडी बघून ठेवतो, आणि त्याच्या पोरीचं कॉलेज काय थांबणार नव्हतं. अर्जाचं काय झालं ते रोज बघायला बरं पडावं म्हणून ते पान त्यानं ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर डकवून ठेवलं आणि त्याला नाव दिलं, "पुण्याची नोकरी".

दुसरं, त्यानं पेन ड्राईव्ह गळ्यातनं काढला. रात्रंदिवस व्हिडिओ बघून, चुकत माकत तो नवी रीत शिकला. आपल्या मशीनवर ब्राउझर एकदाच नीट मांडायचा. उघडल्या उघडल्या ऑर्डरीचं पान. वरच्या पट्टीवर बिल आणि गोदामाची बटणं. रमी बंद. "नंतर" बंद. मग त्याचीच प्रत वडगावच्या हापिसातल्या मुख्य मशीनवर ठेवायची आणि वेळ लावून द्यायची. ठरल्या वेळी ती तिन्ही ठिकाणच्या मशिनींत आपली आपण जाऊन बसते. अट एकच, की मशिनी चालू पाहिजेत आणि त्यांच्यापुढं सौम्यासारखं कुणी बसलेलं नको.

असा दिवस एकच होता. बुधवारआधीचा मंगळवार.

आषाढात मंगाईची यात्रा व्हायच्या आधी वडगाव वार पाळतं. त्या मंगळवारी माग बंद, गिरणी बंद, बैल शेताला जात नाहीत. मारुतीराव खडेबाजार आणि निपाणीची दुकानंही बंद ठेवायचे, ते देवीच्या धाकानं कमी आणि आईच्या धाकानं जास्त. आई म्हणजे राजाबाई. वय ऐंशी, दात चार, आवाज बारा मागांचा. वारादिवशी सकाळी ती स्वतः खाली जाऊन मेन स्विच पाडायची आणि फ्यूज काढून कनवटीला लावायची. वरच्या हापिसाची लाईनही त्याच फ्यूजवर.

सोमवारी दुपारी जोतिराम तिच्यापुढं जाऊन बसला.

"आक्का, उद्या फ्यूज काढू नगासा."

"का रं जोत्या? मागावर तुझा बा बसणाराय?"

"माग बंदच. वरच्या मशिनी तेवढ्या चालू ऱ्हाऊ देत. कोण हात लावणार न्हाय. एक गोष्ट आपोआप सगळीकडं जातीया."

"आपोआप? माग आपोआपच चालतोय की. धोटा काय मी फेकत बसलेय व्हय? तरी बंद ठेवतोय न्हवं?"

जोतिराम चुलीकडं बघत म्हणाला, "आक्का, आज सांजचं दुधाला इरजण लावशीला?"

"लावणार की."

"उद्या त्येचं दही हुईल. मग तुमी वार मोडला म्हणायचं व्हय?"

राजाबाईनं तोंडातलं पान या गालातनं त्या गालात घेतलं. एवढी वर्षं वार पाळला, पण असला प्रश्न कुणी घातला नव्हता.

"इरजण लावल्यावर भांड्याला हात लावायचा नस्तोय."

"न्हाय लावत."

"झाकण काढून सारखं बघायचं नस्तंय."

"न्हाय बघत."

"मग दिवस मावळायच्या आत काय लावायचं ते लाव, आन् तुझी ती पेटी माझ्या कपाटात आणून ठेव."

"लॅपटॉप? त्यो कशाला आक्का?"

"तुझा हात वळवळतोय म्हणून."

दिवस मावळायच्या आत जोतिरामनं दोन्ही दुकानांत मशिनी चालू ठेवायला फोन केला आणि मंगळवारी अकराची वेळ लावली. पेटी कपाटात गेली, किल्ली म्हातारीच्या पदराला. खालच्या मागांचे पट्टे तिनं काढून घेतले आणि फ्यूज जागेवर राहिला.

मंगळवारी सकाळी दहाला जोतिराम येळ्ळूरला भाकरी खात बसलेला. बायको दिपाली म्हणाली, "त्या पुण्याच्या अर्जाचं काय कळलं का वो?"

घास अर्ध्यावर थांबला. वरच्या पट्टीवर बिल, गोदाम, आणि त्याच्या शेजारी? त्याच्या शेजारी "पुण्याची नोकरी". ज्या मशीनवरनं अर्ज केला त्याच मशीनची प्रत अकराला एकतीस ठिकाणी जाणार होती. मालकाच्या मशीनवर. जावयाच्या मशीनवर.

जोतिरामनं हात धुतला की नाही हे दिपालीला आजही सांगता येत नाही. वीस मिनिटांत तो वडगावात. गल्ली सामसूम, कुठं मागाचा खडखडाट नाही. राजाबाई दारात पायरीवर बसलेली.

"आक्का, किल्ली द्या. दोन मिंटाचं काम हाय."

"आज वार हाय."

"आक्का, घाण झालीया. काडून टाकतो आन् परत ठेवतो."

"इरजण ढवळलं की पाणी सुटतंय. काय पडलंय त्यात?"

जोतिरामनं इकडं तिकडं बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. अर्ज, पट्टी, नाव.

राजाबाई हसली तेव्हा चारही दात दिसले. "मालकाला कळू ने म्हणून वार मोडू म्हणतोस? तू अर्ज केलास न्हवं? चोरी केलीस काय?"

"चोरी न्हाय, पण नोकरी जाईल की."

"जाईल तर जाईल. देवीला फशीवलं म्हणून माझ्या गल्लीत नाव नगो. बस हितं."

तो बसला. अकरा वाजले. वरनं मुख्य मशीनच्या पंख्याचा आवाज जरा वाढला.

"लागायलंय बघ दही," म्हातारी म्हणाली.

बुधवारी दहाला सगळे हापिसात हजर. मारुतीराव, आदर्श, सौम्या, आणि जिना चढून कधी वर न येणारी राजाबाईसुद्धा, कपाटाची किल्ली अजून पदरालाच. खडेबाजारातनं फोन आला, नऊच्या नऊ उघडल्या. निपाणीतनं आला, आठच्या आठ. मॅनेजरनं पत्त्यांचं काय झालं एवढं हळूच विचारून घेतलं. वडगावच्या चौदा तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढंच होत्या. एकतीसच्या एकतीस. आदर्शचं तोंड दुधात माशी पडल्यासारखं.

"अण्णा," सौम्या जोतिरामला म्हणाली, "हे तिसरं बटण कशाचं वो? पुण्याची नोकरी?" आणि जोतिरामनं 'नगो' म्हणायच्या आत तिनं ते दाबलं.

पान उघडलं. सौम्यानं मोठ्यानं वाचलं, "बेळगाव-निपाणी भागासाठी माणूस पाहिजे. मराठी, कन्नड यावी. साडीच्या धंद्याची माहिती असल्यास आधी विचार. वडगावात गिऱ्हाइकाच्या जागी बसून काम."

मारुतीरावांनी चष्मा पुसला. "ही आदर्शनं सांगितलेलीच कंपनी न्हवं? आन् जोतिराम, तू अर्ज केलास व्हय हितं?"

"केला. तुमी घालवायलाय म्हटल्यावर काय तुमच्या पायरीवर बसून रडू?"

"माझ्याकडं पगार घेऊन?"

"अर्ज घरात बसून केलाय, मालक. पगार हापिसात बसल्याचा घेतोय."

कुणी हसलं नाही. मारुतीरावांच्या कानाची पाळी लाल झाली होती, आणि ती लाल झाली की समोरचा माणूस कामावरनं जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदर्श पुढं सरकला. "मामा, बघा. असल्या माणसावर विश्वास..."

"थांब रं," राजाबाई म्हणाली. "वडगावात बसणारा, कन्नड येणारा, साडीतलं कळणारा. ह्या जागेत दुसरा कोण बसतोय? म्हंजे तुमी ह्याला दारातनं घालवणार, त्यो पुण्याला वळसा घालून खिडकीतनं आत येणार, आन् वळशाचं भाडं मारुती तू देणार."

मारुतीरावांनी पान परत एकदा वाचलं. मग पाळी हळूहळू आपल्या रंगावर आली.

"ते बटण काडून टाक," ते जोतिरामला म्हणाले. "आन् अर्जबी."

"बटण आत्ता काडतो. अर्जाचं वरीसभर बघू."

"बघू काय बघू?"

"तुमीबी बघा, मीबी बघतो."

मारुतीरावांनी चहा सांगितला. राजाबाईनं पदराची किल्ली सोडून दिली आणि जोतिरामनं लॅपटॉप आणून मांडीवर घेतला. पूर्वी ह्याच कामाला आठ दिवस लागले असते. आता चहा येईपर्यंत एकतीस ठिकाणचं बटण गेलं. जाता जाता, ते कुठं कुठं दाबलं गेलं होतं त्याची यादी पडद्यावर आली. सौम्याच्या मशीनवर एकदा. निपाणीच्या मॅनेजरच्या मशीनवर दोनदा. जावईबापूंच्या मशीनवर चार वेळा, सकाळी साडेनऊपासनं.

जोतिरामनं यादी मिटवली, कप उचलला आणि आदर्शच्या शेजारी जाऊन बसला.

"बापू," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या जागेला कन्नड लागतंय. शिकवू काय?"

आदर्शनं बिस्किटाची बशी त्याच्याकडं सरकवली.