नळीत चढलेलं पाणी

केसांना रंग लावताना अमोनियाचा वास नाकात झोंबला की मला दिल्लीतली आमची प्रयोगशाळा आठवते. जूनमधली दुपार होती. भट्टीतल्या काचेच्या नळीत लोखंडाची भुकटी तापली होती. तिचं नायट्राइड, म्हणजे लोखंड आणि नायट्रोजनचं संयुग, व्हावं म्हणून आम्ही तिच्यावरून अमोनिया सोडत होतो. उरलेला वायू रबरी नळीतून बादलीतल्या पाण्यात बुडबुडत होता. माझे पीएचडीचे गाइड सर मराठीच, पण दिल्लीत वाढलेले. मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच यायचं. अचानक बुडबुडे थांबले. सिलेंडर संपला होता, आणि नळीत उरलेला अमोनिया पाण्यात विरघळत गेल्यानं बादलीतलं पाणी रबरी नळीतून वर, तापल्या काचेकडे ओढलं जाऊ लागलं. मी बघायला भट्टीशी वाकले. "अगं पोरी, मागे हो!" सर मागून ओरडले. मी उडी मारून मागे झाले, तोच काच फुटली आणि तुकडे मी वाकले होते तिथून सणसणत गेले. खोकत, डोळे पुसत आम्ही बाहेर पळालो. व्हरांड्यात त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. "चलो, पानी पियो," ते म्हणाले. पुन्हा हिंदी. आज आरशात हा धड चेहरा बघताना वाटतं, ते हिंदीत ओरडले असते, तर काय म्हणाले ते कळायला मी आधी वळून त्यांच्याकडे बघितलं असतं.