पातेलं सरेपर्यंत

पोट भरलं हे तुम्हाला कोण सांगतं? पोट? की ताट? की वाढणारी "माझ्या गळ्याची शपथ, अजून एकच" म्हणायची थांबली, की मग कळतं? घाईनं उत्तर देऊ नका. भल्याभल्यांची इथं दातखीळ बसते.

बेलापूरच्या मार्थाला हा प्रश्न दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईंनी विचारला. तेव्हा तिचं वय अठ्ठावन्न होतं आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती.

"पोट भरलं की थांबता ना मावशी?"

"पातेलं सरलं की थांबते."

बाई हसल्या. मार्था हसली नाही. तिनं खरं तेच सांगितलं होतं.

श्रीरामपूरच्या एका बोर्डिंगात तिनं सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. सत्तर पोरी हात जोडून अन्नाबद्दल देवाचे आभार मानायच्या, मग मार्था वाढायची. पोरी उठल्या की कमरेला पातेलं टेकवून, उभ्या उभ्या, तळाचा भात खरवडून खायची. एखाद्या दिवशी दोन घास उरायचे, एखाद्या दिवशी चौघांचं जेवण. दोन्ही ती सारख्याच घाईनं संपवायची. घरीही तेच. नवरा दानीएल गवंडी. तो जेवून उठायचा आणि त्याच्या ताटात उरलेलं ती ओट्याशी उभी राहून तोंडात टाकायची. लहानपणी सांडलेल्या शितासाठी आईनं तिच्या हातावर उलथनं मारलं होतं. अन्न टाकणं तिला जमणारच नव्हतं.

लोकांना याचं कोण कौतुक! "मार्थाच्या हातून शीत वाया जायचं न्हाई." पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात तिचं नाव घेतलं, त्या दिवशी ती मान ताठ करून घरी आली. पण एवढ्या कौतुक करणाऱ्यांत तिच्यासाठी ताट वाढून ठेवणारा एक माईचा लाल निघाला नाही. उरलंसुरलं रिचवायला घरात एक बाई असली की सगळ्यांना बरं वाटतं!

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, साखर खाली आली नाही तर पाय वाचणं अवघड आहे. मग मुलीनं, शॅरननं, कंबर कसली. ती सुप्याला कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी आली आणि तिनं आईला पाटावर बसवलं.

"पातेलं तिकडं ठेव. हे तुझं ताट."

ताटात एक भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण.

"सावकाश चाव. आन् चव सांग."

मार्थानं चावलं. थांबली. पुन्हा चावलं. "मीठ कमी हाय गं. इतकी वर्सं कमीच पडत असंल. कुनी बोललं कसं न्हाई?"

"मी बोललो हुतो," बाजेवरून दानीएल म्हणाला. "तू कवा ऐकलंस?"

"तुमी गप बसा. तुमी तर सगळ्यालाच नावं ठेवता."

अर्धी भाकरी झाल्यावर शॅरननं तिचा हात धरला. "आता थांब. पोटाला इचार."

"ते बोलतंय व्हय?"

मार्थानं डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "भरल्यावानी वाटतंय. का दुखतंय, काय कळंना."

शॅरन उठून चुलीकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. आई रडताना दिसू नये म्हणून, की स्वतः दिसू नये म्हणून, कोण जाणे.

पाच आठवडे मार्था पाटावर बसून जेवली. साखर उतरली. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. "पोट बोलाया लागलं माजं," असं ती शेजारच्या गोजरबाईला सांगायची.

मग नाताळ आला. ख्रिस्ती असो, हिंदू असो, गल्लीत रिकामं ताट कुणी परत करत नाही. करंज्या, अनारसे, लाडू येत राहिले. पाहुणे येऊन गेले. सत्तावीस तारखेला दुपारी घरात माणसं दोन, आणि ओट्यावर पाहुण्यांसाठी केलेला मटणाचा रस्सा, भाताचं पातेलं, फराळाचे सहा डबे. शॅरन कामावर गेलेली, दानीएल बाजेवर झोपलेला. घरात फ्रिज नव्हता, रस्सा संध्याकाळपर्यंत आंबणार होता. वाटावा तर गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी तेच.

तिनं शॅरनला फोन लावला.

"फेकून दे आई."

"मटन फेकू?"

"फेक म्हनते ना! पाय पायजे का रस्सा?"

मार्थानं फोन ठेवला. पातेलं उचलून मोरीपर्यंत नेलं. तेवढ्यात दारातून गोजरबाई म्हणाली, "केवढं उरलंय गं! पन तुज्या घरचं वाया जायचं न्हाई म्हना."

मार्था मोरीवरून परत फिरली. कमरेला पातेलं टेकवलं.

चार दिवस तिनं डबे संपवले. पाटावर बसली नाही, कुणी बसवलंही नाही. नव्या वर्षाच्या प्रार्थनेला नवी चप्पल घालून गेली. चप्पल जखमेवर घासत होती, पण साखरेनं बधिर झालेल्या पायाला ते कळलं नाही. शॅरन आली तेव्हा अंगठा काळा पडला होता. जानेवारी संपायच्या आत पाय गुडघ्याखालून गेला.

आता दानीएल तिच्यासमोर ताट आणून ठेवतो. तिला बसूनच जेवावं लागतं. ओट्याशी उभं राहणार कशी? ती सावकाश चावते. अर्ध्यावर थांबते. "भरलं," म्हणते. दर वेळी तिचं म्हणणं बरोबर असतं. शिकली ती. पाय गेल्यावर शिकली.

वाचणाऱ्या माणसा, एक कर. आज तुझ्या घरात जी रांधते, तिचं ताट तुझ्या आधी वाढ. ती "तुमी बसा" म्हणेल, ऐकू नकोस. भांड्यात उरलं तर ते तुझ्या हातानं टाकून दे, त्याचं पाप लागलंच तर तुला लागू दे. आणि तिनं अर्ध्या भाकरीवर हात थांबवला, तर तेवढं "संपव" म्हणू नकोस.