कॅसेटवरची गोरी

बालाजीचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेली हळद हालवत होते. "काकू, माय गेली," एवढंच तो बोलला. मागून नांदेडच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मी 'बरं' म्हणाले. बरं कसं म्हणाले ते अजून कळत नाही... फोन ओट्यावर ठेवला आणि राहिलेली हळद हालवून घेतली, कारण ऊन चांगलं होतं.

बालाजीची आई म्हणजे माझी थोरली जाऊ, अनसूयाबाई. मी त्यांना अक्का म्हणायचे, त्या मला धाकटे म्हणायच्या. लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच जात्यावर समोरासमोर बसलो. जातं फिरायला लागलं की अक्का ओवी उचलायच्या आणि मी मागून ओढायची. पहिली ओळ त्यांची, दुसरी माझी. पहिली ओळ मी कधी उचलली नाही. चार बायकांत तोंड उघडायचा मला धीर व्हायचा नाही, पण अक्का पुढं असल्या की मागून जायला भीती वाटत नसे. पुढं गिरणी आली आणि रोजचं दळण सुटलं. घरच्या पोरीच्या लग्नाची हळद मात्र जात्यावरच राहिली.

कॅसेटची दुकानं चालायची त्या काळात वसमतचा एक कॅसेटवाला गावात लग्नाला आला होता. त्यानं हळद दळताना अक्कांचा आवाज ऐकला आणि विचारायला घरी आला. मामंजी म्हणाले, "आवाज न्या. पण सुनंचं तोंड दुकानाच्या काचंत लागायचं न्हाई." मला वाटलं, अक्कांना वाईट वाटेल. तर त्या आतूनच म्हणाल्या, "बरं झालं. तोंड मला इथंच लागतं, भाकरी खायला." मामंजीही हसले.

वसमतला आम्हाला एका बंद खोलीत बसवलं, भिंतींना गाद्या लावलेल्या. अक्कांपुढं माईक आला आणि त्यांना एकही ओवी आठवेना. कॅसेटवाला म्हणाला, "बाई, पाठ न्हाई का तुमाला?" अक्का म्हणाल्या, "पाठ हाये, पण हाताला हाये. हात फिरल्याबिगर कशी येईल?" जातं कुठून आणणार... शेवटी चहावाल्याकडून एक परात आणली आणि जमिनीवर घोंगडी टाकून त्यावर पालथी घातली. आम्ही दोघी तिच्या काठाला धरून गोल फिरवत राहिलो आणि ओव्या एकामागून एक यायला लागल्या. पेटी आणि ढोलकी कॅसेटवाल्यानं नंतर भरली. कॅसेट ऐकणाऱ्या कुणालाही वाटतं की बाया दळून राहिल्यात, पण आम्ही रिकामी परात फिरवत होतो.

कॅसेटवरचं चित्र दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं काढलं होतं. पिवळ्या रंगावर हिरव्या लुगड्यातली गोरीपान तरुण बाई, नाकात नथ, एका हातानं जातं फिरवत आपल्याकडं बघून हसणारी. पेंटरनं जातं कधी जवळून बघितलं नसावं. त्यानं खुंटा पार मधोमध काढला होता, जिथं दाण्यांचा घास टाकायचं तोंड असतं तिथंच. अक्कांनी ते बघितलं आणि हसून हसून पदर तोंडात घातला. "धाकटे, ही घास कुठून घालती गं? उपाशी मरंल बिचारी!" तेव्हापासून त्या बाईचं नाव गोरी पडलं. अक्कांनी ते चित्र कॅसेटच्या डबीतून काढून भांड्यांच्या मांडणीवर लावलं. पाहुणी आली की आधी गोरीची ओळख व्हायची. "गाते ती हीच. मी नुसती भाकरी थापते." गाण्यापेक्षा त्यांना ते चित्रच जास्त आवडायचं. कॅसेट लावली की म्हणायच्या, "आवाज काय, रोजचाच हाये. हिचं लुगडं बघा."

चित्राखाली 'अनसूयाबाई आणि साथीदार' असं छापलं होतं. कॅसेटवाल्यानं माझंही नाव विचारलं होतं, मी मान खाली घालून बसले होते. अक्काच म्हणाल्या, "साथीदार लिवा. हिला नाव हाये, पण ही ते सांगत न्हाई." त्यांना वाचता येत नव्हतं, मी चौथीपर्यंत शिकलेली. भांडी घासता घासता त्या म्हणायच्या, "वाच गं काय लिवलंय."

"कालच वाचलं की, अक्का."

"आज बदललं असंल तर?"

मग मी वाचायची. साथीदार म्हटलं की त्या माझ्याकडं बोट करायच्या.

अक्कांना नांदेडहून घरी आणलं त्या दिवशी बायका गळ्यात गळे घालून रडल्या, हेल काढून एकेक गुण सांगितला. मी पाण्याच्या घागरी भरल्या, चहा केला. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई बग." खरंच नव्हतं. मला काहीच होत नव्हतं, हातपाय चालत होते तेवढंच.

बालाजीच्या लेकीचं, वैष्णवीचं लग्न आधीच ठरलेलं होतं. तेरवी झाल्यावर घरच्यांनी बसून ठरवलं की लग्न पुढं ढकलायचं नाही. मग हळदीचा विषय निघाला. ओवी उचलल्याशिवाय आमच्यात जात्यात घास टाकत नाहीत, आणि उचललेली ओवी अर्धी सोडत नाहीत. "आता धाकटीच हाये की," एक नणंद म्हणाली. दुसरी म्हणाली, "हिला कुठं येतंय? ही मागं ओढणारी." ते खरंच होतं. माझ्यामुळं पोरीची हळद मुकी दळली जाईल, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, "आजीच म्हणंल की! कॅसेट भरून घेतलीय मी मोबाईलमधी." सगळ्यांना हायसं वाटलं. सगळ्यात जास्त मला.

हळदीच्या दिवशी जातं धुऊन खुंट्याला आंब्याची पानं बांधली. मी माझ्या बाजूला बसले. समोर अक्कांच्या जागी त्यांची सून बसली. वैष्णवीनं मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला. पडद्यावर गोरी होती, मांडणीवरच्या चित्राचा फोटो काढून लावलेली. पेटी वाजली, आणि मग अक्कांचा आवाज आला.

"हळदीचा घास देते, जात्या, पोटभर खाई..."

घास टाकला, जातं फिरलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. गोरी गेली, नवरदेवाचा फोटो आला. "मंडपाचं इचारत असतील," वैष्णवी लाजून म्हणाली. "मंडपाचं कशाला, दम निघंना त्याला!" मागून कुणीतरी बोललं आणि बायका खिदळल्या. वैष्णवी फोन घेऊन बाहेर पळाली. सुनेचा हात थांबला. जातं थांबलं. मग हसणंही थांबलं, कारण अक्कांची ओळ म्हणून झाली होती आणि पुढची राहिली होती.

"लेक चालली परघरी, तिला उणं करू न्हाई," मी ओढली. ती माझीच ओळ होती, म्हणायला धीर लागला नाही.

वैष्णवी परत आली. "धाकटी आजी, लावू का पुन्हा?"

"राहू दे," मी म्हणाले. का म्हणाले ते सांगता येणार नाही. खुंटा धरला, सुनेनंही धरला. जातं फिरायला लागलं तसं तोंडात आपोआप आलं...

"थोरली माझी जाऊ गं, पुढं गेली वाटंनं..."

आवाज बारीक निघाला, फाटका. ओळ संपली आणि मी सवयीनं समोर बघितलं. सुनेला ओढता येत नव्हती, ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. जातं फिरतच होतं. मग दुसरीही मीच म्हटली.

"नातीची हळद दळते, मी एकल्या हातानं."

कुणीतरी नाक ओढलं. मला तेव्हाही रडू आलं नाही. मी खाली बघून मूठभर हळकुंडाचे तुकडे जात्यात टाकले आणि पुढची उचलली.