एकोणचाळीस वह्या आणि एकच उत्तर

पालीजवळच्या शाळेत मी नववीला मराठी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. मुलांना दोन साहसकथा वाचायला दिल्या होत्या. एकीत एक तरुण वादळात एकटाच शिखर चढतो आणि वर झेंडा लावतो. दुसरीत एक नावाडी बेट समोर दिसत असताना आजारी सोबत्यासाठी होडी माघारी वळवतो. प्रश्न होता : दोघांच्या धैर्याची तुलना करा.

रविवारी वह्या तपासायला बसले. पहिल्या वहीत होतं, ‘दोन्ही नायक शूर, धाडसी व ध्येयवेडे आहेत.’ दुसऱ्या वहीत तेच. दहाव्या वहीपर्यंत माझं डोकं उठलं. ज्यानं ध्येयच सोडून दिलं, तो नावाडी ध्येयवेडा कसा? एकालाही हा प्रश्न पडू नये? कुठल्या गाइडातून उतरवलं असेल म्हणून चिडून शोधायला लागले, तर ते वाक्य माझ्याच जुन्या टाचणात सापडलं. गेल्या वर्षी मीच फळ्यावर लिहून दिलं होतं आणि थोरल्या भावंडांच्या वह्या धाकट्यांकडे आल्या होत्या. मग राग कुणावर काढायचा?

चाळिसाव्या वहीत तीनच ओळी होत्या. ‘पहिला शूर वाटत नाही. तो कुणासाठी गेला ते कळत नाही. दुसरा भ्याला होता, तरी वळला, म्हणून तो शूर.’

वही मेंढपाळाच्या घरातल्या मुलीची होती. ती वर्गात कधी तोंड उघडत नसे. सोमवारी मधल्या सुट्टीत तिला बोलावून विचारलं, “हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी न्हाई मॅडम. डोंगर काय पळून चालला व्हता का? वादळ गेल्यावर चढला असता.”

“आणि भ्यालेला माणूस शूर कसा?”

“आमची चुलती पुराच्या पाण्यात कोकरू आणाया गेलती. पवता येत न्हाई तिला. कमरंला दोर बांधून गेली. लई भेली व्हती. काठावर आल्यावर वकली.”

“मग काय म्हणाले सगळे?”

“चुलत्यानं शिव्या घातल्या, जीव नकोसा झालाय का म्हून. कोकरू जगलं पर.”

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांनी वही पाहिली आणि मला बोलावलं.

“मॅडम, इतरांनी पानभर लिहिलंय. हिच्या तीन ओळी.”

“पण सर, विचार तिनं एकटीनंच केलाय.”

“बोर्डाच्या पेपरात विचाराला गुण हायत का? मुद्द्यांना हायत. तिचंच नुकसान करताय तुमी.”

मी वाद घातला, पण बोर्डाच्या पेपरात तिचे गुण जातील, हे मलाही दिसत होतं. शेवटी निम्मे गुण कापले. मुलीनं वही पाहिली आणि दप्तरात ठेवली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी मी फळ्यावर एकही उत्तर लिहिलं नाही. पंधरा दिवसांत तीन पालक शाळेत आले. त्यातले एक गावचे पुढारी होते, ते म्हणाले, “तुमी उत्तरं लिहून देत न्हाईत म्हणं. का म्हून? पगार घेता ना?”

मी त्यांना चहा पाजला आणि दोन्ही कथा वाचायला दिल्या. त्यांनी न उघडताच टेबलावर ठेवल्या. “मॅडम, आमाला कथा नको. उत्तर द्या.”