पेंटरबाईंचं उलटं चित्र

पेंटरबाई एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात गेल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी शिपायाने त्यांना अदबीने पालकांचा बाक दाखवला. बाईही गुमान जाऊन बसल्या. चांगली पंधरा मिनिटं बसल्या, मग आपला वर्ग सुरू झाला असेल हे ध्यानात येऊन धडपडत उठल्या. इतक्या भिडस्त बाईने चित्रकलेच्या मास्टर्सचा फॉर्म भरला तरी कसा, असं तुम्ही विचाराल. त्या कुठल्या भरायला, लेकीने भरला. यांची फक्त सही.

सव्वीस वर्षांपूर्वी याच कॉलेजात त्यांना मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. दोन महिने झाले असतील नसतील, तोच वडिलांचा उजवा हात लुळा पडला. वडील दुकानांच्या काचांवर नावं रंगवायचे. हातातली कामं अर्धवट राहिलेली, म्हणून आठवडाभरासाठी बाईंनी ब्रश घेतला. तो आठवडा काही संपला नाही. आज न्हावी, दातांचा डॉक्टर, किल्ल्या करणारा, सगळ्यांच्या दारावर बाईंचंच अक्षर आहे. पण कॉलेजवरून जायची वेळ आली की त्या रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायच्या. मनात सल होता, दुसरं काय.

तर आता शिष्यवृत्ती मिळाली, तीही शिक्षण अर्धवट सोडलेल्या कलाकारांसाठीची. नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. तो शाळेची बस चालवतो आणि तोंडाला त्याच्या ब्रेक नाही. "आमची ही परीक्षेत नापास झाली तर मीच तिला उठाबशा काढायला लावणार," असं त्याने बसमधल्या पोराटोरांनाही सांगितलं. अट एकच होती. सहा महिन्यांनी समितीला तीन चित्रं दाखवायची. पसंत पडली तर शिष्यवृत्ती पुढे चालू, नाहीतर पुन्हा घरी. आणि कॉलेज दुसऱ्यांदा सोडायची वेळ आली असती, तर बाई मोडून पडल्या असत्या. बोलल्या नाहीत कधी, पण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

शिकवणाऱ्या मॅडम बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. बाईंच्या कॅनव्हासपुढे थांबून त्या म्हणायच्या, "सुबक आहे." बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. संध्याकाळी घरी येऊन सांगायच्या, आज पुन्हा सुबक म्हणाल्या. चार महिने हे कौतुक चाललं. मग शेजारी बसणाऱ्या मुलीला राहवलं नाही. "काकू," ती हळूच म्हणाली, "मॅडम सुबक म्हणाल्या की समजायचं, चित्रात जीव नाही." बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या सुबकपणावर सव्वीस वर्षं घर चाललं, तोच इथे दोष ठरला. आता बोला.

समिती यायला तीन आठवडे उरले असताना तो प्रसंग घडला. वर्गात माणूस समोर बसवून चेहरा काढायचा होता आणि बसणारा माणूसच आला नाही. बाईंचा नवरा नेमका विसरलेला डबा द्यायला आला होता. मॅडमनी त्यालाच खुर्चीवर बसवलं. आधीच ताण, त्यात समोर नवरा भुवया उडवतोय. हात आपोआप चालू लागला. आधी डोळ्यांतली चमक, मग ओठांची रेघ, सुरकुत्या, मिशीचे केस, सगळं झरझर उतरलं. आणि मग बाईंनी मोठा ब्रश घेतला आणि त्या सगळ्यावरून गव्हाळ रंगाचा सपाट हात फिरवला. चेहरा साफ गडप.

नवरा उठून बघायला आला. "अगं, तासभर मान अवघडली माझी. मी कुठाय यात?"

"आत आहात," बाई पुटपुटल्या.

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "आत म्हणजे?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी त्यांनी सांगितलं. दुकानाची काच आतून रंगवतात, म्हणजे बाहेरून पुसली तरी अक्षर जात नाही. त्यामुळे सगळं उलटं. जे सगळ्यांत वर दिसायला हवं ते आधी काढायचं आणि मागचा सपाट रंग शेवटी. काचेवर तो रंग चढला की समोरून चित्र उठून दिसतं. कॅनव्हासवर चढला की चित्र गाडलं जातं.

"मग काचेवरच काढा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, काच म्हणजे धंदा. त्यातून सुटायला तर इथे आले."

"सुटला नाहीत अजून. पण आज पहिल्यांदा तुमचा हात न घाबरता चालला. मी बघत होते."

बाई दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी जुन्या खिडकीची तीन तावदानं घासूनपुसून घेतली आणि कामाला लागल्या. न्हावी काढला, किल्लीवाला काढला आणि नवरा काढला. नवऱ्याला मात्र बघू दिलं नाही.

समितीच्या दिवशी काचा घोंगडीत गुंडाळून नवऱ्यानेच बसमधून आणल्या आणि तो दाराबाहेर थांबला. आत तिघेजण काचांपुढे बराच वेळ उभे होते. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही मागून काढता. समोरून बरोबर आलंय की नाही, हे कळतं कसं?"

"मला नाही कळत," बाई म्हणाल्या. "बाहेर कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. एरवी आमचे हे सांगतात. या काचा मात्र त्यांनी अजून बघितल्या नाहीत."

"बोलवा त्यांना."

नवरा आत आला, काचेसमोर उभा राहिला. काचेत तोच होता. रिकाम्या बसमध्ये स्टिअरिंगवर दोन्ही हात टाकून बसलेला, थकलेला, एक शब्दही उरला नसलेला माणूस. विनोद नाही, भुवया नाहीत.

"बरोबर आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"डावा कान जरा वर गेलाय," तो सवयीने म्हणाला. मग तो काचेच्या आणखी जवळ गेला. "घरासमोर बस लावली की मी पाच मिनिटं असा बसतो. मगच आत जातो, हसत. मला वाटायचं, हे कुणाला ठाऊक नाही."

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसता," बाई म्हणाल्या. "रोज."

अध्यक्षबाई टेबलाशी गेल्या, कागदावर 'पुढे चालू' असं लिहून त्यांनी सही केली आणि तो कागद बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि मग त्यांना रडू आवरेना. आता त्यांना कॉलेज सोडावं लागणार नव्हतं.